एका नाण्याच्या दोन बाजू, दोन वेगळी वर्षे

नाणी जमविण्याचा माझा छंद जुना असला, तरी रोमन नाण्यांकडे मी उशिरा वळलो आणि त्या नवखेपणापायी 18,000 रुपये गमावून बसलो. इतरांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुण्यातील एका नाणे प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला रोमन सम्राट ट्राजनचा देनारियस, म्हणजे चांदीचे रोमन नाणे, दाखविला. कोकणातील एका जुन्या बंदराजवळ शेत नांगरताना तो सापडला, असे त्याने सांगितले. मागील बाजूवर हात पाठीमागे बांधलेला कैदी शस्त्रांच्या ढिगावर बसलेला होता आणि त्याच्या पायाशी ‘दाक काप’, म्हणजे ‘डेशिया (आजच्या रोमानियाचा प्रदेश) जिंकले’, अशी अक्षरे होती. विक्रेत्याने ती बोट ठेवून वाचून दाखविली आणि त्याचे वाचन अचूक होते. त्या अचूकपणावरच मी भाळलो. दर्शनी बाजूच्या लेखाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही, हे मात्र त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

घरी येऊन दोन्ही बाजूंचा लेख मी अक्षर अक्षर वहीत उतरवून घेतला. हे लेख संक्षिप्त असतात, परंतु सम्राटाची पदे आणि पदव्या त्यात येत असल्यामुळे नाण्याचा काळ बराच नेमका ठरविता येतो. मागील बाजूवर ‘कोस’ या अक्षरांपुढे रोमन पाचाचा आकडा होता, म्हणजे ट्राजन तेव्हा पाचव्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, झालेला होता. हा काळ इसवी सन 103 ते 111 असा येतो, कारण 112 मध्ये तो सहाव्यांदा कॉन्सल झाला. दर्शनी बाजूवर सम्राटाच्या मुखवट्याभोवतीच्या लेखाचा शेवट मात्र ‘पार्थिको’ असा होता आणि पार्थियनांवरील (प्राचीन इराणच्या राज्यकर्त्यांवरील) विजयाची ही पदवी त्याने 116 मध्ये धारण केली. दोन बाजूंमध्ये किमान पाच वर्षांचे अंतर निघाले!

मग मी कडेकडे वळलो. भिंगाखाली कडेवरून एक बारीक सांधा सलग फिरलेला दिसला आणि तो घासून पुसट करण्यासाठी चालविलेल्या कानशीचे तिरपे ओरखडेही दिसले. अक्षरांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे होते, जे ओतकामात हवेचे बुडबुडे अडकल्याने पडतात. ट्राजनचा देनारियस साधारण सव्वातीन ग्रॅम भरतो. हे नाणे 2.71 ग्रॅम भरले. दोन निरनिराळ्या अस्सल नाण्यांची एकेक बाजू घेऊन साचा केलेला होता, याबद्दल मला शंका उरली नाही.

विक्रेत्याला दूरध्वनी केला, तेव्हा ही टांकसाळीतली चूक असून त्यामुळे नाण्याची किंमत उलट वाढते, असे त्याने मला ऐकविले. टांकसाळीत न जुळणारे ठसे एकत्र वापरले गेल्याची उदाहरणे आहेत, हे खरे; पण ठशांमध्ये ठोकून पाडलेल्या नाण्याच्या कडेला ओतकामाचा सांधा येत नाही. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

कोकणातल्या शेताची कथाही मी तेव्हाच पारखायला हवी होती. सम्राट नीरोने इसवी सन 64 मध्ये देनारियसचे वजन आणि चांदीचा कस कमी केला, आणि भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत बहुतांश त्याआधीची, ऑगस्टस आणि तिबेरियस या सम्राटांची आहेत; ट्राजन मात्र नीरोनंतरचा. शिवाय ती कथा खरी असती, तरी 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि पुरावस्तूंच्या विक्रीला 1972 च्या कायद्यानुसार परवाना लागतो. यांपैकी एकही कागद मी मागितला नव्हता.

हे नाणे मी विकणार नाही. त्याच्या पाकिटावर ‘बनावट, ओतीव’ असे शाईने लिहून वजन आणि दोन्ही लेख नोंदविले आहेत, आणि नवीन संग्राहक घरी आले की आधी ते पाकीट उघडून भिंग त्यांच्या हाती देतो.