पॅच बसला, पण किल्ली जुनीच : बेळगावातील एका सर्व्हर-तपासणी सेवेचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या सौहार्द सहकारी संस्थेच्या सर्व्हरची सुरक्षा तपासणी गेल्या महिन्यात टिळकवाडीतील एका लहान संगणक-सेवा केंद्राकडून करून घेतली. संस्थेत संगणकाचे काम माझ्याकडे असल्यामुळे दोन्ही दिवस मी त्यांच्यासोबत बसून होतो.

त्यांनी 'हार्टब्लीड'चा विषय काढला तेव्हा तो मला शिळा वाटला. असंख्य संकेतस्थळांवरील व्यवहार कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील हा दोष 7 एप्रिल 2014 रोजी जाहीर झाला आणि त्याच दिवशी 1.0.1जी ही दुरुस्त आवृत्तीही आली. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला छोटा संदेश पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि तोच संदेश परत मागतो. ओपनएसएसएल मात्र सांगितलेली लांबी प्रत्यक्ष संदेशाशी ताडून पाहत नव्हते. स्लिपवरचा आकडा खात्यातील शिलकेशी न पडताळता कॅशियरने रक्कम मोजून द्यावी, तसा हा प्रकार. एका मागणीत सर्व्हरच्या मेमरीतील 64 किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर जाई, मागणी हवी तितक्या वेळा करता येई आणि सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, तिची खूणही उरत नसे.

आमच्या तेव्हाच्या देखभालवाल्यांनी पॅच, म्हणजे दोषाची दुरुस्ती, वेळेवर बसवला होता. तशी नोंद आहे. मात्र केंद्रातील तरुणाने जुन्या बॅकअपमधील 2013 चे सर्टिफिकेट (संकेतस्थळ खरे असल्याचा डिजिटल दाखला) आणि आजचे सर्टिफिकेट शेजारी ठेवले, तेव्हा दोन्हींतील पब्लिक की, म्हणजे सर्वांना दिसणारी डिजिटल किल्ली, एकच निघाली. म्हणजे दोष उघडा असताना वापरात असलेली, तिच्या जोडीची गुप्त प्रायव्हेट कीच प्रत्येक नूतनीकरणात, अगदी सर्व्हर बदलल्यावरही, पुढे चालवली गेली होती. त्या काळात ती कुणी उचलली असेल, तर आजही त्याला आमच्या नावाचे खोटे संकेतस्थळ खरे म्हणून उभे करता आले असते. हे शोधण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही, आणि म्हणूनच मला या तपासणीचे मोल अधिक वाटते.

त्यांनी आधी नवी की, मग नवे सर्टिफिकेट, मग जुने रद्द, आणि शेवटी कर्मचाऱ्यांचे पासवर्ड, हा क्रम काटेकोरपणे पाळला. पासवर्ड आधी बदलण्याचा चेअरमनसाहेबांचा आग्रहही त्यांनी नम्रपणे नाकारला, कारण जुनी की चोराच्या हाती असेल तर नवे पासवर्डही त्याच्या हाती लागू शकले असते. अहवाल मात्र फक्त इंग्रजीत दिला, हे मराठी आणि कन्नड वाचणाऱ्या आमच्या संचालकांच्या उपयोगाचे नव्हते.

मोठी चूक वेगळीच झाली. पिग्मी एजंटांच्या मोबाइल ॲपमध्ये जुनी कीच पक्की नोंदवलेली होती (ती इतकी वर्षे का बदलली गेली नाही, याचे उत्तर बहुधा इथेच आहे), आणि नवी बसताच ॲपची जोडणी तुटली. हे त्यांनी आधी विचारायला हवे होते. ॲपची नवी आवृत्ती येईपर्यंत दोन दिवस एजंटांनी कागदी पावत्या फाडल्या आणि त्यांची नोंद रात्री उशिरापर्यंत मी केली.