एमएसडी ६एएल-२ प्रोग्रामेबल: नायट्रस लावणाऱ्यांनी घ्यावा का?

ह्युस्टनमध्ये जुनी कॅमेरो पळवतो, ३५० स्मॉल ब्लॉक, कार्बोरेटर आणि त्याच्याखाली १०० हॉर्सपॉवर वाढवणारी नायट्रस (नायट्रस ऑक्साइड गॅसची) प्लेट. टायमिंगसाठी, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडावी ते ठरवायला, हा इग्निशन बॉक्स बसवलाय, पार्ट नंबर ६५३०, आणि मला तरी जाम आवडलाय.

नायट्रस आत गेला की ऑक्सिजन वाढतो, मिक्श्चर भराभर जळतं, प्रेशर लवकर चढतं आणि पिस्टन अजून वरच येत असेल तर नॉकिंग (मिक्श्चर आपोआप फुटणं) सुरू, मग हेड गॅस्केट नाहीतर पिस्टनची वाट. म्हणून दर ५० हॉर्सपॉवरला टायमिंग साधारण २ डिग्री मागे घ्यायचे, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडायची, हा सगळ्यांचा हिशोब. माझं टोटल टायमिंग ३६ डिग्री, नायट्रसवर ३२. पण कायमचं ३२ ठेवलं तर बाटली बंद असताना गाडी ओढतच नाही ना! इथे बॉक्स कामाला येतो, नायट्रसच्या रिलेचे १२ व्होल्ट मिळाले की ४ डिग्री मागे, गेले की परत ३६.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, हा बॉक्स टायमिंग फक्त मागे घेतो, पुढे नेत नाही. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा मेकॅनिकल ॲडव्हान्स (आरपीएमबरोबर टायमिंग आपोआप पुढे नेणारी यंत्रणा) लॉक करून ३६ वर बसवायचा आणि खालच्या आरपीएमचा कर्व्ह लॅपटॉपवर काढायचा. डायलवाले बॉक्स सोपे आहेत, पण त्यात असा कर्व्ह नाही काढता येत.

वायरिंग करताना रिटार्डची (टायमिंग मागे घेणारी) वायर सोलेनॉइडला (नायट्रस आणि पेट्रोलचे इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) जाणाऱ्या त्याच आउटपुटवरून घ्या, वेगळ्या स्विचवरून अजिबात नको, कारण स्विच विसरलात की नायट्रस चालू आणि टायमिंग ३६ वरच. आणि ती वायर सैल झाली तर बॉक्स काही ओरडून सांगत नाही. मी ट्रॅकवर जायच्या आधी बाटली बंद करतो, दोन्ही सोलेनॉइडचे कनेक्टर काढतो (हे विसरलात तर इनटेकमध्ये पेट्रोल ओतलं जाईल), इंजिन ३००० च्या वर धरतो, रिटार्डच्या वायरला १२ व्होल्ट देतो आणि टायमिंग लाइट मारतो. डॅम्परवरची (इंजिनच्या पुढच्या चाकावरची) खूण ३६ वरून ३२ ला सरकली की झालं. लाइट साधी वापरा, डायलबॅकवाल्या (डिग्री डायलवर लावायच्या) बऱ्याच लाइट या बॉक्सच्या मल्टिस्पार्कने (एकाच वेळी अनेक ठिणग्यांनी) गोंधळतात.

एका दुकानदाराने सेफ्टी म्हणून ८ डिग्री घ्यायला सांगितले होते. अहो, १०० हॉर्सपॉवरच्या नायट्रसला ८ म्हणजे पॉवर एक्झॉस्टमधून बाहेर आणि हेडर लालभडक. त्यापेक्षा प्लग बघा. ग्राउंड स्ट्रॅपचा (प्लगच्या टोकावरच्या वाकलेल्या पट्टीचा) रंग वळणापाशी बदलत असेल तर टायमिंग बरोबर, थ्रेडकडे गेला असेल तर टायमिंग जास्तच पुढे, आणि पोर्सेलीनवर बारीक चमकते ठिपके (नॉकिंगची खूण) दिसले तर तिथेच थांबा.

इंजेक्शनवाली गाडी असेल आणि ट्यून करता येणाऱ्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) नायट्रसचं टेबल असेल तर यावर पैसे घालवू नका, रिटार्ड तिथेच टाका.