ब्लेंडर: केवळ फुकट आहे म्हणून नव्हे

२००२ साली सुमारे एक लाख युरो लोकवर्गणीतून गोळा करून ज्याचा स्रोतसंकेत खुला करण्यात आला, ते ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रनिर्मितीचे सॉफ्टवेअर आज मॉडेलिंगपासून (वस्तूंचे आकार घडवण्यापासून) संकलनापर्यंत अ‍ॅनिमेशनची बहुतेक सगळी कामे एकाच खिडकीत करू देते. लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ या ब्लेंडरमध्ये घडवलेल्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाल्यापासून ‘हे हौशी लोकांचे खेळणे’ असे म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला आहे.

मला सर्वाधिक भावते ते त्यातले ‘ईव्ही’ हे रेंडर इंजिन, म्हणजे रचलेल्या दृश्याचे चित्र तयार करणारा भाग. ओसरीवर टांगलेला कंदील ‘जी’ कळ दाबून थोडा सरकवला, की भिंतीवरची सावली त्याच क्षणी सरकते. त्यामुळे प्रकाशयोजना आकडे भरून नव्हे, तर डोळ्यांनी पाहत, चुकत आणि सुधारत करता येते, आणि कल्पकतेला खरा वाव तिथेच मिळतो. तोच प्रसंग ‘सायकल्स’ या ब्लेंडरच्याच दुसऱ्या रेंडर इंजिनमध्ये प्रकाशकिरणांचा माग काढत अधिक वास्तव उमटतो, पण चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी तपासायच्या किरणांचे नमुने कमी ठेवले तर चित्रावर रवाळ दाणे दिसतात आणि वाढवले तर माझ्या जुन्या संगणकाचा पंखा रात्रभर घरघरतो. ‘ग्रीस पेन्सिल’ या ब्लेंडरमधल्या रेखाटन-साधनाने त्रिमितीय अवकाशात हाताने रेघ ओढण्याची सोय मात्र अप्रतिम आहे.

धूर, पाणी, पडझड यांच्या मोठ्या सिम्युलेशनसाठी हूडिनी आणि कंपोझिटिंगसाठी (वेगवेगळी चित्रे एकत्र जुळवण्यासाठी) न्यूक या सॉफ्टवेअरची सर ब्लेंडरला नाही. स्टुडिओत नोकरी हवी असणाऱ्यांनी तीही शिकावीत.