लातूरजवळचा वृद्धाश्रम : सेविकांच्या मनाची काळजी किती?

लातूर शहराजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात माझी आई राहते. खोल्या स्वच्छ आहेत, जेवण साधे पण वेळेवर मिळते आणि दात नसलेल्यांना भाकरी दुधात कुस्करून दिली जाते. मला अधिक सांगायचे आहे ते तिथल्या मावशींविषयी, कारण आईचे दिवस कसे जातात हे त्यांच्यावरच अवलंबून आहे.

स्मृतिभ्रंशामुळे आई सायंकाळी घरी जाण्याचा हट्ट धरते आणि कधी हातही उगारते. अशा वेळी मावशीने सोबतिणीला बोलावून स्वतः थोडा वेळ अंगणात जाऊन बसावे अशी इथे पद्धत आहे आणि त्याला कोणीही कामचुकारपणा म्हणत नाही. एखाद्या आजी वारल्या, तर त्यांचे सर्व काही करणाऱ्या मावशीला अंत्यविधीला जाऊ देतात, दुसऱ्या दिवशी पगार न कापता सुटी देतात आणि त्या खाटेवर लगेच नवीन माणूस आणत नाहीत. वर्षानुवर्षे जिला न्हाऊमाखू घातले तिच्यासाठी रडायला मावशीला सवड मिळते, ही मला या संस्थेची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

रात्रपाळीबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. महिलांच्या दालनात रात्री एकच मावशी असते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस दर दोन तासांनी बदलायची, तर दुसरा हात लागतोच, आणि तो नसल्यामुळे मावशीची कंबरही जाते व धीरही सुटतो. समुपदेशक येतात ते दिवसा, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींच्या झोपेच्या वेळी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तो मावशींच्या खोलीत लावावा, असे मी सुचवले आहे. तरीही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या अशा थकव्याचा (बर्नआउटचा) संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाशी जोडला, हे पाहता खरा उपाय पाळ्यांच्या तक्त्यातच करावा लागेल.

आईला आम्ही इथेच ठेवणार आहोत. रात्रीच्या दुसऱ्या मावशीच्या पगारासाठी शुल्क थोडे वाढवले तरी चालेल, असे आम्ही काही नातेवाइकांनी व्यवस्थापनाला लेखी कळवले असून उत्तराची वाट पाहत आहोत.