मागच्या खोलीवर पफ पॅनेल टाकलं, त्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

पुण्यात सहकारनगरमधलं आमचं घर जुनं, 1984 सालचं. स्वयंपाकघराच्या मागे नंतर वाढवलेली नऊ बाय सातची खोली आहे. वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी, गॅस गिझर, सगळं तिथेच. भिंती चार इंची विटेच्या, वर सिमेंटचा पत्रा. घरातलं कुणी तिथे पाच मिनिटांच्या वर थांबत नाही, म्हणून ती खोली इतकी वर्षं तशीच राहिली. तिथे थांबतात त्या भांड्यांच्या मावशी. त्या सकाळी पावणेसातला येतात. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांच्या बोटांना पडलेल्या भेगा मी जवळून पाहिल्या आणि ठरवलं की नवा सोफा राहू दे, आधी ही खोली.

घाईत पहिली चूक केली. एका इंटिरिअरवाल्याने जुन्या पत्र्याखाली थर्मोकोलचं छत ठोकून दिलं, साडेसहा हजारांत. पंधरा दिवसांत त्यातून पाणी टपकायला लागलं. पाऊस नाही, टाकी गळत नाही, मग पाणी कुठलं? ते होतं मोरीतल्या गरम पाण्याच्या वाफेचं. थर्मोकोलच्या फटींतून वाफ वर जायची, रात्रभर गारठलेल्या पत्र्याला लागून तिचं पाणी व्हायचं आणि खाली ठिबकायचं. महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी धरली. ते सगळं काढून टाकलं.

मग भवानी पेठेत चौकशी करत फिरले आणि पफ पॅनेल कळलं. दोन रंगीत पत्रे आणि मधे चिकटून बसलेला कडक फोम. फोमला वाफ शिरायला फटच नसते, आणि आतला पत्रा खोलीइतकाच उबदार राहतो, त्यामुळे त्यावर पाणी धरत नाही. माझं टपकण्याचं दुखणं यातच संपत होतं. 30 मिलिमीटरचं पॅनेल साधारण 45 ते 50 मिलिमीटर थर्मोकोलइतकी थंडी अडवतं. दुकानदार 50 मिलिमीटरचं घ्या म्हणत होता. मी 30 चंच घेतलं आणि वाचलेले पैसे उत्तरेच्या भिंतीला लावले. त्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतच नाही. छत जाड आणि भिंत उघडी, यात काही अर्थ नव्हता.

काम दिवाळीनंतर नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेटरने केलं. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी. मापं घेताना त्याने आधी गिझरकडे बोट दाखवलं. म्हणाला, "काकू, हा आत ठेवून मी खोली बंद करणार नाही. आधी प्लंबर बोलवा." आतापर्यंत पत्र्याच्या फटींतून वारा खेळत होता म्हणून निभावलं होतं. फटी बुजवल्या की गॅस गिझरचा विषारी वायू आतच कोंडतो आणि त्याला वासही नसतो. गिझर बाहेरच्या बोळात, छोट्या पत्र्याखाली हलवला. मोरीवरची जाळीची खिडकीही त्याने बुजवू दिली नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते.

बाकी कामात मात्र दोन तक्रारी आहेत. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस. तो फोडला की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात गेले की पुढे कॅन्सरचा धोका असतो. हे आधी सांगूनसुद्धा त्याच्या मदतनीसाने पहिल्या पत्र्यावर हातोडा घातला. मी धावत जाऊन थांबवलं, पाइपने पाणी मारून पत्रे भिजवायला लावले, हुक कापून उरलेले तीन अखंड उतरवले. तुमच्याकडे असा पत्रा असेल तर कामाच्या वेळी स्वतः उभे राहा, आणि मास्क सगळ्यांना द्या.

दुसरी तक्रार ग्राइंडरची. पॅनेल छतावरच कापली आणि लोखंडाचा किस तसाच राहिला. रात्री दव पडलं. सकाळी शिडीवर चढून पाहते तर पांढऱ्याशुभ्र पॅनेलवर हळद-कुंकू शिंपडल्यासारखे नारिंगी ठिपके. ओल्या फडक्याने बरेच निघाले, काही कायमचे राहिले. कापून झाल्याबरोबर झाडून घ्यायचं, एवढंच काम होतं.

जोडकाम मात्र नीट. पॅनेल एक मीटर रुंद, त्यामुळे तीन पॅनेलांत खोली झाकून दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच बाहेर आली. साडेआठ फुटांत सहा इंच ढाळ दिला. स्क्रू मारण्याआधी वरची प्लास्टिकची पापुद्री सोलून काढली, आणि कापलेल्या कडांचा उघडा फोम पट्टी वाकवून बंद केला, नाहीतर त्यात मुंग्या आणि उंदीर घर करतात. भिंतीच्या सांध्यावरची पट्टी विटेत खाच पाडून आत बसवली. जूनपासून पाऊस चालू आहे, अजून एक थेंब आत नाही.

उत्तरेच्या भिंतीला एक इंची थर्मोकोल आणि त्यावर सिमेंट बोर्ड लावला. थर्मोकोल पेट घेतो, म्हणून तो कुठेही उघडा ठेवला नाही.

सगळा खर्च 31 हजार. त्यातली पॅनेल साडेदहा हजारांची, दोन दिवसांची मजुरी सहा हजार, भिंत 4,900.

आता फरक. मी भिंतीवर साधा थर्मामीटर टांगला आहे. आधीच्या जानेवारीत सकाळी साडेसहाला 11 अंश दाखवायचा, यंदा 15. खोली काही आपोआप तापत नाही, तिथे हीटर नाही. स्वयंपाकघराची आणि मशीनची ऊब आता रात्रभर टिकते, इतकंच. खरा मोठा फायदा मे महिन्यात दिसला. दुपारी अडीचला आधी 41 असायचं, यंदा 36 च्या वर गेलं नाही. पावसाचा आवाज मात्र सिमेंटच्या पत्र्यापेक्षा जास्त येतो. शेजारी कुणी झोपत असेल तर याचा विचार करा.

फरशीचं मी काहीच केलं नव्हतं. पहिल्याच थंडीत मावशी म्हणाल्या, "वहिनी, वरून बरं झालं, पण पाय गारठतात." बोहरी आळीतून साडेसहाशेची जाड रबरी चटई आणली. ती मोरीपुढे टाकली, आता त्या चपला काढून तिच्यावरच उभ्या राहतात.

स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होतात, म्हणून पावसाळा संपला की एकदा सगळे तपासायला फॅब्रिकेटर येणार आहे. येताना झाडू आणायला सांगितलं आहे.