सोम तामसाठी थाई मातीचा खल: घ्यावा का आणि कोणता घ्यावा

थायलंडच्या ईशान्येकडील इसान भागात आणि शेजारच्या लाओसमध्ये कच्च्या पपईची जी कोशिंबीर रोजच्या जेवणात असते, आणि बँकॉकच्या रस्त्यारस्त्यांवर जी ‘सोम ताम’ या नावाने विकली जाते, ती करण्यासाठी तिथे एक ठरलेले साधन आहे. भाजलेल्या मातीचा उंच, खोल खल आणि त्यासोबत लाकडी बत्ता. बँकॉकच्या एका बाजारातील भांड्यांच्या दुकानातून मी ही जोडी आणली आणि पुण्याच्या स्वयंपाकघरात ती आता नियमित वापरात आहे. माझे मत आधीच सांगते: ज्यांना ही कोशिंबीर मनापासून आवडते आणि जे ती महिन्यातून दोनचार वेळा तरी करणार आहेत, त्यांनी हा खल अवश्य घ्यावा, कारण या पदार्थाची आंबट-गोड-तिखट रस वेगळा कालवून वरून ओतायचा नसतो, तो भाज्यांसोबत खलातच तयार होतो, आणि तो नीट तयार होणे हे बरेचसे खलाच्या आकारावर व मातीवर अवलंबून असते.

खल दिसायला साधा आहे. तळ अरुंद, तोंड रुंद, भिंती बोटभर जाड, आतून गुळगुळीत आणि बाहेरून कोणतीही झिलई नसलेला. माझ्या खलाचे तोंड साधारण २० सेंटिमीटर आहे आणि खोली दगडी खलाच्या मानाने बरीच जास्त. ही खोली शोभेसाठी नाही. दोन वाट्या पपईचा कीस, टोमॅटो आणि लिंबाचा रस एकत्र कुटताना उथळ भांड्यातून अर्धे बाहेर उडते. इथे उंच भिंतींवर आपटून सगळे परत आत येते. थायलंडमध्ये दगडी खलही घरोघरी असतो, आणि चोनबुरी प्रांतातले आंग सिला हे गाव ग्रॅनाइटच्या खलांसाठी प्रसिद्ध आहे. पण तो खल लाल-हिरव्या करीचे मसाले वाटण्यासाठी. मातीच्या खलाचे काम वेगळे. नखोन रात्चसीमाजवळच्या दान क्वियन या कुंभारांच्या गावात पाण्याचे रांजण आणि मासे मुरवायचे बुधले यांच्या जोडीने असे खलही पूर्वापार घडवले जात, आणि तिथल्या मातीत लोह भरपूर असल्यामुळे भाजल्यावर भांड्यांना गडद तपकिरी रंग येतो. माझा खल तिथलाच आहे असा माझा दावा नाही, पण बाजारात जे खल मी पाहिले त्यांत गडद, घट्ट भाजलेले आणि फिकट, भुसभुशीत हा फरक डोळ्यांना सहज कळत होता. घ्यायचा तो पहिल्या प्रकारचा.

मातीवर लाकूड आपटते तेव्हा भाजी चेचली जाते, पण तिचा लगदा होत नाही. सगळे मर्म इथे आहे. हेच साहित्य मी घरच्या दगडी खलातही करून पाहिले आणि मोठ्या भांड्यात हाताने कालवूनही पाहिले. दगडी खलात लसणीची पेस्ट झाली, टोमॅटो विरघळून गेला आणि पपईचे धागे तुटून आखूड झाले. चव वाईट नव्हती, पण पदार्थ चटणीकडे झुकला. भांड्यात कालवल्यावर उलट झाले: धागे कुरकुरीत राहिले, पण रस त्यांना धरून न राहता तळाशी साचला आणि पहिला घास सपक, शेवटचा घास खारट-आंबट असा प्रकार झाला. मातीच्या खलात पपई किंचित वाकते, तिच्या कडा जरा नरम पडतात, त्या कडांमधून रस आत शिरतो, आणि तरीही चावताना कुरकुर तशीच राहते. लोखंडी किंवा पितळी खलबत्ता यासाठी अजिबात चालत नाही. तो वेलदोडा, सुंठ कुटण्याइतका लहान असतो आणि त्यात पपई मावतच नाही.

कृती थोडी सविस्तर सांगते, कारण खलाची पारख तिच्यातच होते. दोन माणसांसाठी कच्च्या पपईचे लांब, बारीक धागे सुमारे २०० ग्रॅम घ्यावेत. पपई बाहेरून गडद हिरवी, हाताला कडक आणि आतून पांढरी असावी. आत पिवळसर छटा आली असेल तर ती परत ठेवावी, कारण तिच्यात गोडवा आणि ओलसरपणा दोन्ही आलेले असतात. सोलून चीक धुऊन टाकावा. थाई विक्रेते पपई डाव्या हातात धरून तिच्यावर मोठ्या सुरीने लांबीच्या दिशेने पटापट वार करतात आणि मग वरचा थर तासून काढतात. आपल्याकडे खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात, तीच ही रीत. ज्यांच्या आजीने किंवा आईने काकडी अशी चोचवलेली पाहिली आहे, त्यांना हे तंत्र शिकायला वेळ लागणार नाही. किसणीपेक्षा हे धागे असमान येतात आणि ते असमान असणेच चांगले, कारण जाड धागे कुरकुर टिकवतात आणि बारीक धागे रस पितात. नंतर धागे दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून पूर्ण निथळून घ्यावेत. निथळण्यात आळस केला तर पुढची सगळी चव पातळ होते.

खलात प्रथम लसणीच्या दोन-तीन पाकळ्या आणि दोन-तीन लहान तिखट मिरच्या घालून चार-सहा ठोके द्यावेत. तुकडे मोठेच राहू द्यावेत. मग दीड मोठा चमचा ताडाचा किंवा माडाचा गूळ घालून तो मोडावा. त्यावर चवळीच्या कोवळ्या शेंगांचे दीड इंची तुकडे घालून ते फक्त फुटतील इतपत ठेचावेत. नंतर दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, एक चमचा सुकवलेली कोलंबी, अर्धे केलेले चार-पाच छोटे टोमॅटो, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दीड मोठा चमचा फिश सॉस, म्हणजे मीठ घालून मुरवलेल्या छोट्या मासळीचे पाणी. इथे थांबून रस चाखावा. तो नुसता चाखताना जरा जास्तच तीव्र लागला पाहिजे, कारण अजून पपई यायची आहे. सर्वांत शेवटी पपईचे धागे घालावेत, उजव्या हाताने बत्ता हलका खाली आणावा आणि डाव्या हातातल्या मोठ्या चमच्याने तळाचे वर, वरचे खाली करत राहावे. बत्ता सरळ तळाशी न आदळता भिंतीला घासून खाली जायला हवा. अशा वेळी खलातून पोकळ ‘पॉक पॉक’ असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की ठोका बरोबर पडतो आहे असे समजावे. वीस-पंचवीस ठोक्यांत काम होते. जास्त कुटले तर मातीचा खलही पपईला वाचवू शकत नाही.

या कोशिंबिरीत पपई, मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा हे चारही पदार्थ मूळचे अमेरिका खंडातले, आणि तरीही तिला थाई नव्हे असे कोणी म्हणणार नाही. आपल्या खमंग काकडीतही मिरची आणि दाण्याचा कूट बाहेरूनच आले आहेत. लिंबू, साखर, मिरची आणि दाणे ही चवीची मांडणी दोन्हीकडे इतकी जवळची आहे की मराठी जिभेला सोम ताम परका वाटत नाही. फरक आहे तो दाण्यांच्या वापरात: इथे कूट करायचा नाही, दाणा अर्धवट फुटलेलाच हवा, नाहीतर तो रस शोषून घेतो.

साहित्याच्या बाबतीत महाराष्ट्रात अडचण फारशी येत नाही. थाई लिंबू आणि आपले कागदी लिंबू एकाच जातीचे आहे. सुकवलेल्या कोलंबीऐवजी लहान सोडे कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून घ्यावेत; जवळा फार बारीक असल्यामुळे तो नुसता खारटपणा देतो, चावायला काही देत नाही. गोव्यात आणि तळकोकणात मिळणारा माडाचा गूळ थाई गुळापेक्षा काळसर आणि चवीला दाट असतो, म्हणून तो थोडा कमी घालावा. तो न मिळाल्यास पिवळा कोल्हापुरी गूळ मला साखरेपेक्षा केव्हाही बरा वाटतो.

मासळी न खाणाऱ्यांनी हा पदार्थ सोडून देऊ नये. थायलंडमध्येच दरवर्षी नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, आणि त्या काळात मांस-मासळीसोबत लसूण-कांदाही वर्ज्य असतो, म्हणजे आपल्या चातुर्मासासारखाच नेम. तेव्हाही सोम ताम होतो, फिश सॉसच्या जागी हलका सोया सॉस घालून. मी एक मोठा चमचा सोया सॉस आणि पाव चमचा मीठ घेते, कारण नुसत्या सोया सॉसने खारटपणा पुरेसा आणायला गेले तर रंग काळा पडतो. फिश सॉसची खोली त्यात येत नाही हे खरे, पण लिंबू आणि गूळ ताजे असतील तर कोशिंबीर स्वतःच्या बळावर उभी राहते. गरोदर स्त्रियांनी मात्र कच्ची पपई टाळावी. त्यांच्यासाठी याच खलात याच पद्धतीने काकडी, कैरी किंवा नुसत्या चवळीच्या शेंगा घेता येतात. थायलंडमध्ये हे तिन्ही प्रकार रोज केले जातात, आणि त्यांत कैरीचा मला पपईइतकाच आवडतो. काकडीच्या बिया आधी काढाव्यात. कैरी असेल तर लिंबू निम्मे करावे.

आता या खलाच्या मर्यादा. तो ठिसूळ आहे. दगडी किंवा धातूचा बत्ता त्यात कधीही वापरू नये. एका चुकीच्या ठोक्याने तळ जाऊ शकतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट ठेवून कुटणेही टाळावे, खाली दुमडलेले जाड फडके असावे. कोरडे, कडक पदार्थ कुटण्यासाठी, म्हणजे दाण्याचा कूट, सुके खोबरे किंवा गरम मसाला यांसाठी तो बनलेलाच नाही, आणि एकाच भांड्यात सगळे करू पाहणाऱ्यांची त्यामुळे निराशा होईल. दुसरे म्हणजे, झिलई नसलेली माती वास धरते. लसूण आणि फिश सॉस यांचा वास पहिल्या काही वापरांनंतर मुरतोच, आणि ज्या घरात मासळी आणि उपवासाचे पदार्थ यांची भांडी वेगळी असतात तिथे हा खलही वेगळाच ठेवावा लागेल. साबण शक्यतो वापरू नये, कारण तोही मातीत मुरतो. गरम पाणी आणि काथ्या पुरेसा होतो. नवा खल आणल्यावर तो पाण्यात बुडवून ठेवावा, नंतर मूठभर तांदूळ त्यात कुटून फेकून द्यावेत आणि तांदूळ स्वच्छ पांढरे दिसेपर्यंत हे पुन्हा करावे, म्हणजे आतली सुटी भुकटी निघून जाते. पावसाळ्यात काळजी जास्त घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो नीट न सुकवता कपाटात उपडा ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून मी तो उघड्यावर, तोंड वर करून ठेवते आणि ऊन पडले की बाहेर काढते.

बाजारात लाकडात कोरलेले खलही मिळतात. ते फुटत नाहीत आणि प्रवासात आणायला हलके असतात, पण लिंबाचा रस आणि मीठ लाकडाला सतत लागत राहिल्यामुळे त्यांना चिरा जाण्याचा धोका असतो आणि वास मातीपेक्षाही जास्त धरतो. ज्यांना विमानाच्या सामानात मातीचे भांडे फुटण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी तो दुय्यम पर्याय आहे, इतकेच मी म्हणेन. माझा मातीचा खल कपड्यांत गुंडाळून, आतली पोकळीही कपड्यांनी भरून सुखरूप आला. त्याचे वजन मात्र सामानात जाणवते, हे आधी धरून चालावे.

मला ही जोडी २०० बाटच्या आत मिळाली; दगडी खल त्याहून बराच महाग पडतो. दुकानात पर्यटकांसाठी ठेवलेले छोटे, रंगवलेले आणि चकचकीत झिलईचे खल टाळावेत, कारण गुळगुळीत झिलईवर भाजी घसरते आणि लहान तोंडात चमचा व बत्ता एकाच वेळी मावत नाहीत. तोंड किमान १८ सेंटिमीटरचे हवे. घेताना बोटाच्या पेराने कडेवर वाजवून पाहावे: खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. बत्ता ताडाच्या लाकडाचा मिळाला तर तोच घ्यावा. त्यात काळ्या, उभ्या रेषा दिसतात, तो हाताला जड लागतो आणि हलक्या पांढऱ्या लाकडासारखा टोकाशी लवकर चिंध्या होत नाही. बहुतेक दुकानदार खलासोबत स्वस्त बत्ता देतात, पण थोडे पैसे जास्त देऊन बत्ता बदलून मागितला तर तो आनंदाने बदलून मिळतो.