बेळगावहून ट्रॅक-डेला: रोजची स्पोर्ट्स कार किती तयार करावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे दोनशे अश्वशक्तीच्या आसपासची गाडी आहे आणि जे वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक-डेला, म्हणजे हौशी चालकांसाठी ट्रॅक खुला असतो त्या दिवशी, ती बंदिस्त ट्रॅकवर चालवू पाहतात, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न अंतराचा असतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटर लांबीचा, १२ वळणांचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याला जवळपास तितकाच लांब पडतो. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट तर इकडून निघणाऱ्याने सहसा मनातही आणू नये. त्यातल्या त्यात सोय अशी की, आपल्या शहराला लागून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळूर करत थेट इरुंगट्टुकोट्टईपर्यंत जातो, म्हणजे महामार्ग बदलावाच लागत नाही. तरीही जाताना साधारण ८०० किलोमीटर आणि येताना तेवढेच, हा हिशेब राहतोच, आणि माझ्या मते गाडीची तयारी किती करायची हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा याच हिशेबावर ठरवायला हवे. ट्रॅकवर दोन सेकंद वाचवणारी, पण परतीच्या वाटेवर तुमकूरजवळ बंद पडणारी गाडी आपल्या उपयोगाची नाही.

निवड तीन मार्गांमध्ये आहे. पहिला मार्ग म्हणजे गाडी कंपनीने दिली तशीच ठेवून फक्त ब्रेक, टायर आणि तेल-पाण्याची कसून तयारी करणे. दुसरा म्हणजे त्याच गाडीत सस्पेन्शन, सीट, सीटबेल्टचे पट्टे, रिमॅप (इंजिनाचे संगणकीय सेटिंग बदलून ताकद वाढवणे) असे बदल करून तिला निम्मी रस्त्याची आणि निम्मी ट्रॅकची करणे. तिसरा म्हणजे रोजच्या गाडीला हात न लावता एखादी जुनी, हलकी गाडी केवळ ट्रॅकसाठी घेणे आणि ती फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी लादून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून, नेणे. मी दुसऱ्या मार्गाने सुरुवात केली आणि पहिल्या मार्गावर परत आलो, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढील मते कुठून आली आहेत ते वाचकाला कळेल.

माझ्या पहिल्या ट्रॅक-डेपूर्वी मी इंजिनाचा रिमॅप करून घेतला होता, नवे टायर घातले होते, आणि ब्रेकला मात्र हात लावला नव्हता, कारण चोर्ला घाटात त्या ब्रेकने मला कधी दगा दिला नव्हता. पहिल्या सत्रात तिसऱ्या फेरीला मुख्य सरळ पट्टा संपताना मी पेडल दाबले आणि ते स्पंजासारखे मऊ होत खाली गेले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भराभर दाबल्यावर थोडा दाब आला आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. कोणाला इजा झाली नाही. परत आल्यावर उद्यमबागेतल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पारदर्शक नळी लावून जुने ब्रेक ऑइल बाटलीत काढले, तेव्हा ते कोऱ्या चहाच्या रंगाचे निघाले. ते अडीच वर्षे बदललेले नव्हते.

हे का घडते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिन्ही मार्गांची तुलना शेवटी इथेच येते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,३०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यावर साधारण ३ लिटर पाणी सामान्य तापमानापासून जवळजवळ उकळीपर्यंत तापेल, आणि ही एकाच वेळच्या ब्रेकची गोष्ट आहे. घाटात दोन वळणांच्या मध्ये डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला, वारा मिळतो आणि वेगही मुळात कमी असतो. ट्रॅकवर मात्र एका फेरीत असे जोरदार ब्रेक अनेकदा लागतात आणि सत्र पंधरा-वीस मिनिटे चालते. ही उष्णता डिस्कवर घासणाऱ्या पॅडमधून ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर मानकानुसार तोच आकडा किमान १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती ओलसर असते हे खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला सांगायला नको. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि आपला पाय वाफ दाबत बसतो.

म्हणून पहिल्या मार्गातला पहिला खर्च ताज्या ब्रेक ऑइलचा. शक्य असल्यास कोरडा (पाणी न मुरलेल्या ऑइलचा) उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असलेले रेसिंगचे ऑइल घ्यावे, ते डॉट ४ प्रणालीला चालणारे असल्याची खात्री करावी, आणि सिलिकॉनचे डॉट ५ चुकूनही घालू नये, कारण नाव जवळचे असले तरी ते वेगळे रसायन आहे आणि यात मिसळत नाही. पॅडच्या बाबतीत मात्र मी टोकाला जाणार नाही. शर्यतीचे पॅड गरम झाल्यावर अप्रतिम धरतात, पण थंड असताना त्यांची पकड कमी असते, ते किंचाळतात आणि डिस्क खातात. जुलैच्या पावसात सकाळी घरातून निघून पहिल्याच चौकात रिक्षा आडवी आली तर तेच पॅड धोक्याचे ठरतात. दोन्हींच्या मधले, जलद रस्त्यासाठी आणि अधूनमधून ट्रॅकसाठी बनवलेले पॅड या मार्गाला योग्य आहेत, आणि त्याहून चांगले म्हणजे ट्रॅकचे पॅड डिकीत न्यावेत, तिथे पोहोचल्यावर बसवावेत आणि निघताना काढावेत. सवय झाली की दोन पुढच्या चाकांना तासाभराचे काम आहे.

टायरच्या बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या मार्गातला फरक विचार करण्याजोगा आहे. चांगल्या रस्त्याच्या टायरवर शिकणे सोपे जाते, कारण ते सुटण्यापूर्वी आवाज करून सांगतात. चिकट, निम्मे-रेसिंगचे टायर जास्त धरतात आणि सुटतात तेव्हा अचानक सुटतात. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालवतात, म्हणजे उजवी वळणे जास्त आणि भार डाव्या टायरांवर. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड एका दिवसात झिजलेली दिसते. त्याच टायरवर पुन्हा ८०० किलोमीटर यायचे असते. या एका कारणासाठी दुसऱ्या मार्गातली एक गोष्ट मी पहिल्यात बिनदिक्कत घेतो, ती म्हणजे रिमसह टायरांचा दुसरा संच. मागची सीट पाडली की हॅचबॅकमध्ये चारही चाके बसतात, दोन आडवी आणि दोन उभी, मध्ये जुनी चादर घालून. हवा मात्र तिथेच भरावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो. बेळगावच्या जानेवारीतल्या पहाटे ठरवलेला दाब चेन्नईच्या दुपारी, आणि मग चार फेऱ्यांनंतर, कुठल्या कुठे गेलेला असतो. सत्र संपताच गरम टायरचा दाब मोजून जास्तीची हवा काढावी आणि परतीला निघण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर, पुन्हा भरावी.

आता दुसऱ्या मार्गाच्या उरलेल्या बदलांकडे येऊ. उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन आणि वाढवलेला कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कोन) यांनी गाडी वळणात खरोखर सुधारते, याबद्दल दुमत नाही. कॅम्बर वाढवला की टायरची बाहेरची कड वाचते. पण तोच कॅम्बर रोजच्या सरळ रस्त्यावर आतली कड खातो. खाली आणलेली गाडी निपाणी-चिकोडी-रायबाग भागातल्या गावागावांतल्या गतिरोधकांवर पोट घासते, आणि गाळप हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊस व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे यांतून ती नेणे म्हणजे रोजची शिक्षा. आपल्याकडे ही गाडी वर्षातले तीनशे साठ दिवस याच रस्त्यांवर असते. रिमॅपबद्दल माझे मत अधिक कडक आहे. ताकद वाढली की प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग वाढतो, म्हणजे ब्रेकवरचा भार वर्गाच्या हिशेबाने वाढतो. शिवाय साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावच्या गार हवेत थंड चालणारे इंजिन समुद्रसपाटीच्या दमट उकाड्यात तसेच चालेल असे धरता येत नाही. रिमॅप करायचाच असेल तर तो ब्रेक, इंजिन ऑइलचे तापमान आणि कूलंट यांच्यानंतर, सर्वांत शेवटी करावा.

सीट, पट्टे आणि केज (छत दबू नये म्हणून गाडीत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा) यांबाबत अर्धवट बदल सर्वांत घातक असतात. केज नसलेल्या गाडीत चार टोकांचा पट्टा बांधला तर गाडी उलटून छत दबताना शरीर सीटला खिळून राहते आणि मानेला बाजूला झुकायला जागा मिळत नाही. साध्या चार टोकांच्या पट्ट्याखालून समोरच्या धडकेत शरीर पुढे घसरण्याचाही धोका असतो. उलट केज बसवून तीच गाडी रोज बाजारात नेली, तर हेल्मेटशिवायचे डोके पोलादी नळीपासून वीतभर अंतरावर राहते. एअरबॅग, मूळ सीट आणि मूळ तीन टोकांचा पट्टा यांची रचना एकमेकांना धरून केलेली असते. म्हणून मूळची व्यवस्था पूर्ण ठेवावी, नाहीतर केज, सीट, सहा टोकांचा पट्टा असे सगळे एकत्र करून गाडी रस्त्यावरून काढावी.

कायद्याचा भागही दुसऱ्याच मार्गाला जड जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. विम्याचे कलम तिन्ही मार्गांना लागू आहे: आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवरचे नुकसान आपल्याच खिशातून जाणार असे धरूनच निघावे. जी गाडी गेली तर घरचे व्यवहार अडतील ती गाडी ट्रॅकवर पूर्ण वेगाने चालवू नये, हे मी मनापासून सांगतो.

इथेच तिसऱ्या मार्गाचे बलस्थान आहे. हजार किलोच्या आतबाहेरची जुनी हॅचबॅक ब्रेक कमी तापवते, टायर कमी खाते, तिचे सुटे भाग बेळगाव-कोल्हापुरात कुठेही मिळतात, आणि ती ठोकली तरी सोमवारी कामावर जायला घरची गाडी उभी असते. अडचण वाहतुकीची आणि जागेची आहे: फ्लॅटबेडचे जाऊन-येऊन १,६०० किलोमीटरचे भाडे दर खेपेला द्यावे लागते, आणि वर्षभर तिला छपराखाली जागा लागते. कोल्हापूर किंवा पुण्याकडची गाडी घेऊन ती इकडे रस्त्यावरही चालवणार असाल, तर १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवल्यास कर्नाटकात पुन्हा नोंदणी करावी लागते आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. स्वस्तात मिळालेल्या गाडीचा हिशेब त्यात बदलतो. तीन-चार मित्रांनी मिळून एक गाडी घेतली आणि वर्षात पाच-सहा खेपा खरोखर होणार असतील, तरच हा मार्ग परवडतो.

तेव्हा वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्याने पहिलाच मार्ग धरावा, त्यात चाकांचा दुसरा संच जोडावा आणि वाचलेला पैसा प्रशिक्षकासोबतच्या सत्रांवर खर्च करावा. हेल्मेट घेताना मोटारीसाठीचे, स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए दर्जाचे घ्यावे. दुचाकीच्या हेल्मेटला आगीपासून संरक्षणाची तीच अट नसते. टो हूक (गाडी ओढून नेण्याची कडी) आधीच बसवून पाहावा, कारण पेच गंजलेला असेल तर तो घरीच कळायला हवा. डिकीत टॉर्क पाना, दाब मोजायचा गेज, एक लिटर इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली असावी; उघडलेली बाटली मागच्या खेपेची असेल तर ती नेऊ नये. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश घालावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, कारण तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिले की पुढच्या सत्रात पेडल थरथरते.

परतीला निघण्यापूर्वी गाडी पूर्ण गार होऊ द्यावी. मग चाकांचे नट पान्याने पुन्हा तपासावेत, पॅडची उरलेली जाडी मोजावी, कॅलिपरच्या रबरावर भाजल्याच्या खुणा आहेत का ते टॉर्च लावून पाहावे आणि पेडल अर्धा मिनिट दाबून धरून ते खाली सरकत नाही ना, याची खात्री करावी. ते किंचितही सरकले, तर त्या रात्री निघू नये. श्रीपेरुंबुदूरला मुक्काम करावा आणि सकाळी गॅरेज उघडल्यावर ब्रेकमध्ये गळती आहे का ते तपासून, दुरुस्ती करून मगच महामार्गाला लागावे.